हॉलमधला सोयगावचा डोंगर

माणूस रिटायर झाला की त्याला काहीतरी होतं. कुणाला गुडघे होतात, कुणाला अध्यात्म होतं. आमच्या ह्यांना रेल्वे झाली.

वाळूजच्या एका कारखान्यात ह्यांनी इलेक्ट्रिशियन म्हणून सगळी नोकरी काढली. त्या काळात घरातला एक स्विच बदलून मिळावा म्हणून मी सहा-सहा महिने मागे लागायचे. आणि आता आमच्या बजाजनगरच्या घरात, हॉलमध्ये सोफा होता तिथं, आठ बाय चारचं प्लायवूड चार पायांवर उभं आहे. त्यावर रूळ आहेत, सिग्नल आहेत, सिग्नलला लाल-हिरवे दिवे आहेत आणि ते सगळे लागतात. सोफा बाहेर ओट्यावर गेला. पाहुणे आले की आधी त्यांना गाडी बघावी लागते, मग पाणी मिळतं.

स्टेशनाच्या पाटीवर ह्यांनी लिहिलं, सोयगाव. सोयगाव माझं माहेर. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला तालुक्याचं गाव आहे, बाजार आहे, तहसील आहे, रेल्वे मात्र नाही. ती ह्यांनी दिली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत सासुरवाडीसाठी केलेलं हे पहिलंच भरीव काम, म्हणून मी काही बोलले नाही. पण पाटीमागं डोंगर नसेल तर ते सोयगाव कसलं? तिथं माणूस सकाळी दात घासायला उभा राहतो तोच डोंगराकडं तोंड करून. मी एवढं बोलले आणि फसले. हे लगेच म्हणाले, "मग डोंगर तूच कर. रंगातलं तुलाच कळतं."

कळतं हे खरं आहे. मी तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. काम एकच, शेड जुळवणं. गिऱ्हाईकानं पाठवलेला पत्र्याचा तुकडा एका बाजूला, आमचा रंग दुसऱ्या बाजूला, दोन्ही उजेडाच्या पेटीत धरायचे आणि सांगायचं, जुळतो का नाही. वर्षातून एकदा आमच्याच डोळ्यांची परीक्षा व्हायची. रंगीत बटणांचा ढीग पुढ्यात टाकायचे आणि ती एका रंगापासून दुसऱ्या रंगापर्यंत ओळीनं लावायला सांगायचे. माझं बटण कधी चुकलं नाही, आणि तोंड कधी आवरलं नाही. एकदा मोठे साहेब स्वतः एक लाल घेऊन आले, म्हणाले पास करा. मी म्हटलं, "साहेब, हा लाल नाही, हा ढेकूण चिरडल्याचा रंग आहे." डबा परत गेला. मी रिटायर झाले तेव्हा भाषणांत सगळ्यांनी माझ्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक केलं. मी चालले म्हणून त्यांना किती हायसं वाटत होतं ते चेहऱ्यांवर दिसत होतं.

डोंगर करायला घेतला. ह्यांनी मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ काढून दिले. त्या लोकांचे डोंगर टोकदार, वर बर्फ, खाली सूचिपर्णी झाडं. "असा कर," म्हणाले. मी म्हटलं, "सोयगावात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो." आपला डोंगर वरून सपाट, अंगावर आडवे काळे पट्टे आणि पट्ट्यांच्या मधे वाळलेलं गवत. थर्माकोलचे तुकडे रचले, त्यावर बारीक जाळी ठोकली, जाळीवर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि वर प्लास्टर. प्लास्टर ओलं असतानाच जुन्या चमच्याच्या कडेनं खडकाच्या चिरा ओढल्या. पोटातून बोगदा काढला. चहाचा चोथा उन्हात वाळवून पायथ्याची माती केली. मग रंग. आधी सगळ्या डोंगराला काळ्याचं पातळ पाणी पाजलं, ते चिरांमध्ये जाऊन बसतं. वर राखाडी. मग ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा केला आणि पिवळट मातकट रंग नुसता उंचवट्यांवरून फिरवला. तीन आठवडे गेले. शेवटच्या दिवशी दारात उभी राहून बघितलं, तर एप्रिलमधला सोयगावचा डोंगर माझ्या हॉलमध्ये बसला होता. मला भरून आलं. मला सहसा येत नाही, म्हणून सांगते.

कॉलनीला मात्र काही भरून आलं नाही. समोरच्या काकूंनी विचारलं, "झाला की रंगवणार ना?" मी म्हटलं, रंगवलाय. मागच्या गल्लीतले एक रिटायर्ड साहेब म्हणाले, डोंगर हिरवा पाहिजे, निसर्ग म्हणजे हिरवा. हे गृहस्थ पंचवीस वर्षं मराठवाड्यात राहतात. वर्षाचे आठ महिने खिडकीतून जे दिसतं तो त्यांना निसर्ग वाटत नाही, मोबाइलवर येतो तो वाटतो. एकानं वर किल्ला सुचवला, एकानं देऊळ, एकानं सेल्फी पॉइंट. धबधबा तर सगळ्यांनाच हवा होता. एक बाई बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन डोंगर करून मधे सूर्य ठेवला असता तर बरं दिसलं असतं." मी सगळ्यांना चहा दिला आणि मला काय वाटतं ते ज्याच्या-त्याच्या तोंडावर सांगितलं. दोन घरांचं येणंजाणं त्याच आठवड्यात बंद झालं.

मग दादा आला.

दादा माझा मोठा भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. सोयगावलाच शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. माझ्या हातात पहिला ब्रश त्यानं दिला. बारावीनंतर घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा वडिलांपुढं उभा राहून तो म्हणाला, "हिची नजर लाखात एक आहे. ही शिकणार." त्या एका वाक्यावर मी केमिस्ट्री शिकले, नोकरी केली, मोठ्या साहेबांना ढेकूण दाखवण्याइतकी शिरजोर झाले. गावात दादाचा मान त्याच्या नजरेचा. कुंभार अजून गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्याच्याकडूनच करून घेतो. घराला कुठला रंग द्यायचा हे ठरवायला लोक त्याला हाताला धरून घेऊन जातात. शेतीचा तुकडा आहे तो वाट्यानं दिलेला. पद नाही, पुढारपण नाही. डोळा आहे, एवढंच.

त्यानं डोंगर चारी बाजूंनी बघितला. चष्मा घालून बघितला, काढून बघितला. म्हणाला, "आकार फर्स्ट क्लास. पण तायडे, निळा कुठंय?"

"एप्रिलमधला आहे दादा."

"असू दे की. आपला डोंगर निळाच. संध्याकाळी तर लई निळा. आता तसा दिसत नाय, ती गोष्ट वेगळी. खडी क्रशरच्या धुळीनं पार पिवळा पाडलाय त्याला. मी दोन अर्ज दिलेत तहसीलला."

मग त्यानं स्वतः बशीत निळा कालवला, डोंगराच्या उजव्या कुशीला लावला आणि मागं सरून बघितला. "अजून पाहिजे." परत ओतला. "अजून. तुमचा रंगच फिका दिसतोय." बशीतला निळा आता पाण्याच्या प्लास्टिकच्या ड्रमसारखा झाला होता. दादा म्हणाला, "हां. आता कुठं जरा निळसर वाटतोय."

हे शेजारीच उभे होते. ह्यांना मरून आणि चॉकलेटी यातला फरक कळत नाही, पण ड्रम ओळखता येतो. म्हणाले, "दादा, मला वाटतं निळा जरा जास्तच झाला." मी त्यांच्या पायावर पाय दिला. "काही जास्त नाही," मी म्हटलं, "दादाला कळतं." हे माझ्याकडं बघतच राहिले. अडतीस वर्षांत मी कुणाबद्दल असं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

चहा घेताना दादा भिंतीकडं बघून म्हणाला, "भिंतीला पिवळा दिलात ते बरं केलंत." भिंत पांढरी होती. मागच्या दिवाळीतच दिलेला पांढरा. लॅबमध्ये आमच्या एका जुन्या साहेबांचं असंच झालं होतं. पांढऱ्याला पिवळट म्हणायचे आणि निळा त्यांना कितीही घातला तरी पुरायचा नाही. मोतीबिंदू निघाला. दादा भिंतीला पिवळी म्हणाला त्याच क्षणी मला कळलं. खडीच्या धुळीचा काही दोष नव्हता, डोंगर होता तिथं होता तसाच होता.

सांगायचं एवढंच होतं, दादा, डोळे दाखव. तीन शब्द. नाही सांगितले तर मोतीबिंदू पिकत जाणार आणि हा माणूस एक दिवस रस्त्यात पडणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि सांगितले तर काय? ज्यानं माझ्या नजरेची ग्वाही दिली त्याला मीच म्हणणार, की तुझी नजर गेली. गेली दोन-तीन वर्षं तू गावभर चुकीचे रंग सांगत फिरतोयस आणि गणपतीच्या डोळ्यांचं काय केलंस ते त्या गणपतीलाच ठाऊक. मी म्हटलं, "पोहे घे अजून."

दादा म्हणाला, आता दर रविवारी येतो, डोंगर पुरा करू. आणि खरंच यायला लागला. सकाळच्या एसटीनं निघायचा, सिल्लोडला गाडी बदलायचा, बाराच्या सुमाराला आमच्या दारात. पिशवीत कधी शेवग्याच्या शेंगा, कधी कैऱ्या. जेवण झालं की शर्टाच्या बाह्या वर करायचा आणि बशी मागायचा. मला शाळेत शिकवलं होतं तसाच परत शिकवायचा, ब्रश आडवा धर, मनगट सोड, घाई करू नको. मी साठीची बाई, मनगट सोडायचे. खोटं कशाला बोलू, मला ते रविवार आवडत होते. रंग तेवढा चुकत होता.

आणि दर रविवारी डोंगर थोडा जास्त निळा व्हायचा. दादा गेला की तो माझ्या डोळ्यांत खुपायचा. ताटावरून मान वर केली की समोर ड्रम. तीस वर्षं जुळलेलाच रंग बघायची सवय. पहिल्या आठवड्यात सोमवार कसाबसा काढला, मंगळवारी उठले आणि परत मातकट दिला. निळा खालून डोकावू नये म्हणून आधी पुट्टीचा एक हात, मग काळं, मग राखाडी, मग कोरडा ब्रश. बुधवार ते शनिवार सोयगावात एप्रिल असायचा. शनिवारी दुपारी मी परत निळा द्यायला बसायचे, मागच्या रविवारी जिथवर आला होता बरोबर तिथवर, नमुना डोक्यात ठेवून. शेड जुळवण्याचा अनुभव असा कामाला आला. एकदा चुकून थोडा जास्त दिला गेला, तर दादा खूश. म्हणाला, "बघ, वाळल्यावर कसा खुलतो."

हे म्हणाले, "एवढे हात तर कंपनीनं मेन गेटलाही दिले नव्हते." मग म्हणाले, "सांगून टाक ना एकदाचं."

मी म्हटलं, "तुम्ही तुमची रेल्वे बघा."

आमचा डोंगर रंग बदलतो ही बातमी कॉलनीत पसरली. समोरच्या काकूंनी विचारलं, "ऋतूप्रमाणं करता का?" मी हो म्हटलं. हिरव्याचे पुरस्कर्ते साहेब एका सोमवारी आले, निळा बघून समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "आलात की जवळ. आता यात थोडा पिवळा घाला, हिरवा होईल." तिकडं सोयगावात तर आणखीच बहार. वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा फोन आला. सांगत होती, मास्तरांच्या सल्ल्यानं आमच्या गल्लीत तीन घरं रंगली या उन्हाळ्यात. मी विचारलं, कसला रंग? वहिनी जरा थांबली. "निळा," म्हणाली. "लई निळा." तिलाही माहीत होतं हे मला कळलं, मला माहीत आहे हे तिला कळलं, आणि आम्ही कैरीच्या लोणच्यावर बोलायला लागलो. तीन घरमालकांनी, तीन रंगाऱ्यांनी आणि अख्ख्या गल्लीनं तो निळा बघितला होता. मास्तरांनी सांगितलंय म्हटल्यावर सगळ्यांनी छान म्हटलं.

पण पुट्टी ती पुट्टी. दर आठवड्याला एक थर. मी चमच्यानं ओढलेल्या चिरा बुजल्या, काळ्या पट्ट्यांच्या कडा गोल झाल्या, डोंगरानं बाळसं धरलं. बोगद्याचं तोंड लहान होत गेलं. तीन महिने झाले आणि एका शुक्रवारी गाडी बोगद्यात गेली ती बाहेर आलीच नाही. ह्यांनी वाकून बघितलं तर तिसरा डबा काठाला घासून अडकलेला. मला वाटलं आता बोलतील. काही बोलले नाहीत. कानस आणली आणि बोगद्याचं तोंड आतून घासून रुंद करत दोन तास बसले. ते न बोलणं मला जास्त लागलं. घासलेल्या काठावर आत सगळे थर दिसत होते, पण मी म्हटलं, आत वाकून कोण बघतंय.

त्या रविवारी दादा बारा वाजता आला नाही, एक वाजता आला नाही. तीनला फोन आला, जळगावहून. सोयगावच्या स्टँडवर दुसऱ्याच एसटीत बसला होता. पाटी दिसली नाही असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "पाट्याच अशा रंगवतात, काय वाचता येतंय का. कंडक्टरनं बी सांगितलं नाय." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझ्या गप्प बसण्यानं माझा भाऊ जळगावला पोचला होता. जळगावलाच पोचला, एखाद्या गाडीखाली गेला नाही, हे नशीब.

तरीही सांगितलं नाही. आता वाटतं की तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी काय केलं, वहिनीला फोन लावला आणि आम्ही दोघींनी मिळून एक थाप रचली. ह्यांना चष्म्याचा नंबर काढायचाय, ओळखीच्या डॉक्टर आहेत, दादा, तूही सोबतीला चल. ह्यांना काही नंबर काढायचा नव्हता, तरी बिचारे गेले, ते अक्षरांचे तक्ते वाचून आले. दादाला तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकलाय. घरात कुणाच्याच लक्षात नाही आलं?" मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

दादा म्हणाला, "असं व्हय." आधी उजवा डोळा, महिन्याभरानं डावा, असं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो आणि वहिनी आमच्याकडं मुक्कामाला आले. डोंगर अर्थातच निळा होता.

ऑपरेशनच्या सकाळी वहिनी आणि हे त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. मी म्हटलं, मी स्वयंपाकाला थांबते. खिचडी टाकली आणि डोंगराला भिडले. उद्या पट्टी निघणार, नव्या डोळ्यानं हा माणूस घरात येणार आणि समोर स्वतःचा तो ड्रम बघणार. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. चिरांपुरती पुट्टी खरवडून त्या पुन्हा मोकळ्या केल्या, पट्ट्यांना कडा काढल्या, काळं पाणी, राखाडी, मातकट, वर गवताचा पिवळा. इतका चांगला हात माझा आयुष्यात लागला नव्हता. रिक्षा दारात थांबली तेव्हा मी ब्रश धूत होते. दादा एका डोळ्यावर पट्टी घेऊन वहिनीच्या आधारानं आत आला आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून आणला. काळा चष्मा काढू नका असं बजावलं होतं, तो त्यानं ओट्यावरच काढला. शेजारच्या दोरीवर एक निळी साडी वाळत होती, तिच्याकडं बघत उभा राहिला, हसत. मग आत आला. "भिंत पांढरी आहे व्हय," म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. "तायडे, केस किती पांढरे झालेत गं तुझे." मी म्हटलं, चला, सुटले.

मग तो डोंगराकडं वळला. डावा डोळा हातानं झाकून बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. परत डावा झाकला. एका डोळ्यात अजून जुना रंग होता, एकात खरा, आणि मास्तर माणसाला तेवढं पुरतं.

"हा कधी रंगवला?"

"काल जरा हात फिरवला."

"माझा निळा आण."

मी बाटली आणली. त्यानं बशीत थोडा निळा ओतला आणि नव्या डोळ्यानं बघितला. पुष्कळ वेळ बघितला. बशी खाली ठेवली, वाकला आणि बोगद्याच्या तोंडाशी डोळा नेला, जिथं ह्यांची कानस फिरली होती तिथं. काठावर थर होते, एकावर एक, निळा, पांढरा, मातकट, परत निळा, पांढरा, मातकट. त्यानं नखानं एकेक मोजला.

"तेरा निळे," म्हणाला. "मी तेरा रविवार आलो."

मी म्हटलं, "दादा, तुला वाईट वाटेल म्हणून."

"पाव्हणे पहिल्याच दिवशी बोलले होते. तू त्यांना गप्प केलंस. डोळे गेले होते माझे, कान नव्हते गेले." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता, तो प्रकार मला जमतो. "मी जन्मभर पोरांच्या चित्रांवर लाल पेन्सिल मारली. पाचवीतल्या पोराला बी सांगितलं, हे चुकलंय, परत कर. रडायचं ते, पण परत करायचं. तू मला तेवढं बी समजली नाय. तू माझी समजूत काढत बसली. गल्लीतल्या लोकांचं सोड, ते लोक आहेत. तुझी नजर मला ठाऊक होती, म्हणून तू हो म्हटलंस ते मी खरं धरून चाललो."

वहिनी दारातून आत गेली. हे उगाच सिग्नलचा दिवा बघत होते. मी म्हटलं, "इथून पुढं तू विचार मला. मी सांगेन."

"तुला?" दादा म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

आणखी चार दिवस राहिला. डोळ्यांत थेंब घालायला मी बाटली घेऊन गेले की म्हणायचा, पाव्हण्यांना बोलाव. गावी गेल्यावर निळ्या घरांच्या तिन्ही मालकांकडं गेला आणि चूक कबूल केली. तिघेही म्हणाले, मास्तर, आम्हाला आवडतो हाच रंग. वहिनी सांगत होती, त्या दिवशी जेवला नाही. तहसीलमध्ये धुळीचे अर्ज मागं घ्यायला गेला तर तिथं ते अर्ज सापडेनात. दुसरा डोळाही झाला. आता छान दिसतं. परत चित्रं काढायला लागलाय, डोंगराचीच, आणि फोटो पाठवतो ह्यांच्या मोबाइलवर. खाली लिहितो, पाव्हणे, खरं सांगा.

हे मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात येतात. मी हात पुसून बघते आणि सांगते, आकाश खाली जास्त फिकं झालंय, पायथ्याला गेरू कमी पडलाय. हे शब्द घोकत बाहेर जातात आणि फोन लावून जसंच्या तसं म्हणून दाखवतात. पलीकडून दादाचा आवाज मला भाजी परतताना ऐकू येतो, "बघा, याला म्हणतात माणूस. तोंडावर सांगतो."

गेल्या आठवड्यात असाच फोटो आला, संध्याकाळचा डोंगर. हे आंघोळीला गेले होते. मी म्हटलं, बास झालं आता, आणि मीच फोन लावला.

"दादा, मी बोलतेय. उजव्या कुशीला जांभळा जास्त झालाय. उतरव."

पलीकडं बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," दादा म्हणाला. "पाव्हणे आंघोळीहून आले की त्यांना दाखव. ते काय म्हणतात ते कळव मला."